मूठभर भुकटी जपून ठेवा

गेल्या मे महिन्यात नागपूरजवळच्या आमच्या हिंगण्याच्या गल्लीत शेजाऱ्यांनी बोअर मारला. रात्री साडेनऊला गाडी लागली आणि पहाटे तीनपर्यंत गल्लीत कोणी झोपलं नाही. मी तर झोपणारच नव्हते. पंचवीस पॉलिथिनच्या पिशव्या, एक जुनी चहाची गाळणी, बादलीभर पाणी आणि मार्कर पेन घेऊन मी संध्याकाळपासूनच तयार होते. दर दहा फुटांना वर येणाऱ्या भुकटीची एक मूठ घ्यायची, गाळणीत धुवायची, पिशवीत भरायची आणि वर फूट लिहायचे. गाडीवरचा पोरगा थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "काकू, हे भुकटी कायले भरून राहिल्या जी? भांडे घासाले?"

मी त्याला सांगितलं की ही तपासायची आहे. त्याने मान हलवली आणि पुढे प्रत्येक रॉड उतरला की स्वतःहून ओरडायला लागला, "काकू, ऐंशी झाले!"

पहिले सात-आठ फूट काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. नव्वदच्या पुढे भुकटी एकदम विटकरी झाली आणि पाचेक फूट तशीच राहिली. पुन्हा काळा दगड. एकशे साठच्या पुढे राखाडी-पांढरी भुकटी यायला लागली. दोनशे दहाला पाणी लागलं, शेजाऱ्यांनी नारळ फोडला आणि गाडी दुसऱ्या गावाला निघून गेली. सकाळी फाटकासमोर भुकटीचा एवढा मोठा ढीग पडला होता. दुपारपर्यंत तो नालीशेजारच्या खड्ड्यात गेला, वर दोन टोपली माती पडली आणि काम संपलं. भरलेल्या एकवीस पिशव्या सोडल्या तर त्या दोनशे दहा फुटांचं आज काहीही उरलेलं नाही.

मला हेच लिहायचं आहे. आपल्या तालुक्यात दर उन्हाळ्यात कितीतरी बोअर पडतात आणि प्रत्येक बोअरबरोबर लाखो वर्षांची नोंद नालीत जाते. ती ठेवायला एक पिशवी आणि एक पेन पुरतो.

मी चौतीस वर्षं माती तपासली. शेतकरी कापडी पिशवीत अर्धा किलो माती घेऊन यायचे आणि आम्ही सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि मुक्त चुना काढून कागद हातात द्यायचो. संत्र्याच्या बागेसाठी मी सगळ्यात आधी मुक्त चुन्याचा आकडा पाहायचे. तो दहा टक्क्यांच्या वर गेला की बागेची काळजी. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. एकदा काटोलकडचा एक बागायतदार कागद वाचून म्हणाला, "बाई, आमी तं कधी वावरात चुना टाकला नाही. मंग हा आला कुठून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाच माणसाने विचारला. त्याचं उत्तर मी त्या दिवशी अर्धवट दिलं आणि नंतर बरीच वर्षं ते पूर्ण करत राहिले.

चुना येतो काळ्या दगडातून. बेसाल्ट झिजला की त्यातलं कॅल्शियम मोकळं होतं. झाडाची मुळं आणि मातीतले जिवाणू श्वास घेतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जमिनीतल्या पाण्यात मुरतो. पावसाळा सरला, पाणी आटायला लागलं की या दोन्हींचा चुना बनून खाली साचतो. कधी पावडरीसारखा, कधी बोराएवढ्या खड्यांच्या रूपात, ज्याला आपण चुनखडी म्हणतो. कोकणात पाऊस इतका की हा चुना धुऊन जातो, तिथल्या जांभ्यात तो शोधून सापडायचा नाही. आपल्याकडे तो राहतो. म्हणजे वावरातला चुनखडीचा खडा हीच एक साक्ष आहे: इथे पाऊस बेताचा होता आणि वर्षातले काही महिने जमीन कोरडी पडत होती. नागपूरला अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या मातीतले हे खडे वर्षानुवर्षं तपासले आणि दाखवलं की सगळे खडे एका वयाचे नसतात. काही आजच्या कोरड्या हवेत बनत आहेत, काही मागच्या वेगळ्या हवामानातून उरलेले आहेत.

आता त्या खड्याच्या आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. चुन्यात कार्बन असतो आणि सगळा कार्बन एका वजनाचा नसतो. शंभर अणूंत साधारण एक अणू थोडा जड असतो. झाडं हवेतला कार्बन घेताना हलका पसंत करतात, पण सगळी झाडं सारखी निवड करत नाहीत. ज्वारी, मका, ऊस यांची पद्धत वेगळी. कापूस, तूर, धान, गहू, संत्रा यांची वेगळी. ज्वारीच्या गटातल्या झाडांत जड कार्बन तुलनेने जास्त राहतो. मुळांच्या श्वासातून तो मातीत येतो आणि चुन्यात अडकतो. म्हणून ज्या जमिनीवर हजारो वर्षं गवताळ माळ होता तिथली चुनखडी आणि जिथे रान होतं तिथली चुनखडी यांच्यातलं जड-हलक्याचं प्रमाण वेगळं निघतं. पान कुजून गेलं, मूळ गेलं, परागकणही गेले, तरी कार्बनचा हिशेब राहतो. माझ्या हातात आयुष्यभर ब्युरेट होतं, त्याने हा फरक कळत नाही. त्याला अणूंचं वजन करणारं यंत्र लागतं, मास स्पेक्ट्रोमीटर. ते चालताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पन्नाशीच्या जवळ आले होते. चिमटीभर भुकटी आत गेली आणि काही मिनिटांत पडद्यावर आकडा आला. मला त्या बागायतदाराची आठवण झाली.

ऑक्सिजनचंही असंच आहे. पाचशे अणूंत साधारण एक जड. पाण्याची वाफ होताना हलका आधी उडतो, पाऊस पडताना जड आधी पडतो. म्हणून आटत चाललेल्या तळ्याचं पाणी जड होत जातं आणि त्यात बनलेला चुना ते जडपण धरून ठेवतो. शिवाय पाणी किती गरम होतं त्यावरही चुन्यात जड ऑक्सिजन किती शिरेल हे ठरतं. हॅरॉल्ड युरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९३४ साली जड हायड्रोजनच्या शोधासाठी नोबेल मिळालं होतं. चुन्याचा थर्मामीटर करता येईल ही कल्पना त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर मांडली. १९५१ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या एका समुद्री प्राण्याचं शिळा झालेलं कवच कापलं, आतून बाहेर एकेका वलयाचा चुना तपासला आणि सांगितलं की या जिवाने मोठेपणी तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका जिवाचे ऋतू मोजता आले! रसायनशास्त्रात याहून सुंदर काम मला माहीत नाही.

या सगळ्याचा हिंगण्याशी काय संबंध? तो सांगायला मला आमच्या विहिरीपाशी जावं लागेल.

१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी वावरातली विहीर आणखी खोल करायला काढली. वडार मंडळी सुरुंग लावायची, आम्ही पोरं बाभळीच्या आड उभी राहायचो. तीस फुटांच्या आसपास काळा दगड संपला आणि हातभर जाडीचा फिकट, तेलकट दिसणारा थर लागला. त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. त्या फिकट दगडात बोटाच्या पेराएवढे शंख होते. शेकड्यांनी. दगडाचेच झालेले, पण वेटोळं स्पष्ट. वडारांचे मुकादम म्हणाले, पूर्वी इथे समुद्र असेल. बाबांनी एक तुकडा घरी आणला, तो देवघराच्या कोनाड्यात राहिला. आई त्याला रोज फूल वाहायची.

समुद्र नव्हता. ते शंख गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड झाला, थांबला. पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये हजारो वर्षांची उसंत असायची. त्या उसंतीत दगडावर माती झाली, खोलगट जागी तळी साचली, तळ्यात गोगलगायी, मासे, कासवं आली, काठाला झाडं वाढली. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. दोन लाव्हांच्या मधल्या या तळ्यांच्या गाळाला भूशास्त्रात आंतरट्रॅपी थर म्हणतात. तळं नसलेल्या जागी उरली ती नुसती माती, वरच्या लाव्हाच्या धगीने भाजून लाल झालेली. बोअरमध्ये नव्वद फुटांवर आलेली विटकरी भुकटी बहुधा तीच. नागपूर ही या काळ्या दगडाच्या चादरीची पूर्वेकडची कड आहे. पश्चिम घाटात तो दोन किलोमीटरच्या वर जाड आहे, आपल्याकडे मोजके थर. कडेला चादर पातळ, म्हणून मधले आणि खालचे थर आपल्याला विहिरीतही भेटतात. पश्चिमेकडच्या माणसाला खालचे थर असे भेटत नाहीत.

आणि हे नागपुरात पहिल्यांदा ओळखणारा माणूस आमच्याच तालुक्यातून परतताना वारला. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी, १८४५ साली नागपूरला आला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, त्याचे दगड कोणाला माहीत नाहीत. त्याने आणि रॉबर्ट हंटरने शहराच्या वायव्येच्या टाकळीला (आमच्या हिंगणा रोडवरची टाकळी सीम वेगळी) लाव्हाच्या मधल्या थरांतून शंख, बिया, माशांची हाडं गोळा केली आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या परिसरावर सविस्तर लेख छापला. इथल्या एका हिरव्या चुनखनिजाला हिस्लोपाइट असं त्याचं नाव मिळालं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बुटीबोरीकडे परतत होता आणि पूर आलेल्या नाल्यात बुडाला. टाकळघाट हिंगणा तालुक्यात आहे. पुढे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी तिथेच उत्खनन केलं. माझ्या माहितीतल्या दहावीच्या एकाही मुलाला यातलं काही ठाऊक नाही, आणि चूक मुलांची नाही.

हिस्लॉपने डोळ्यांना दिसणारं गोळा केलं. न दिसणारं वाचायला पुढची सव्वाशे वर्षं लागली. लाव्हाच्या खालच्या थरांना लमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून. डायनासोरची हाडं आणि अंडी बहुतेक याच थरांत सापडतात. १९९१ साली अनिंद्य सरकार, एस. के. भट्टाचार्य आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांनी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातली डायनासोरच्या अंड्यांची कवचं तपासली. अंड्याचं कवच म्हणजेही चुनाच. कार्बनवरून कळलं की आईने ज्वारीच्या गटातली नव्हे, दुसऱ्या गटातली झाडं खाल्ली होती. ऑक्सिजनवरून कळलं की ती उन्हात आटत चाललेल्या डबक्यांचंही पाणी पीत होती. म्हणजे तिच्याही वाट्याला आपल्यासारखा मे महिना होता. पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सातपुड्याच्या खोऱ्यातल्या निरनिराळ्या काळांतल्या जमिनींची चुनखडी घेतली आणि तिच्यावरून त्या त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड किती असावा याचा अंदाज काढला. युक्ती साधी आहे. मातीत मुळांच्या श्वासातला कार्बन असतो, तसा वरच्या हवेतूनही थोडा आत येतो. हवेत तो जास्त असेल तर आतही जास्त येतो आणि चुन्यातलं प्रमाण सरकतं. डायनासोरच्या काळात हवेत तो आजच्यापेक्षा बराच जास्त होता हे आपल्या शेजारच्या सातपुड्याच्या खड्यांतूनही दिसतं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा तर जगाच्या नकाशावर आहे. तिथे डायनासोरचं शेण सापडतं, दगड झालेलं. २००५ साली लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. गवत पृथ्वीवर खूप नंतर आलं अशी तोवरची समजूत होती, ती या शेणाने मोडली. पुढे त्याच शेणात भाताच्या कुळातल्या गवताचेही कण सापडले. भाताच्या कुळाचा इतका जुना पुरावा विदर्भाच्याच शेणात! शेतकऱ्याच्या पोरीला याचा अभिमान वाटणार नाही तर कशाचा?

पण इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण वर्तमानपत्रांत अशा शोधांच्या बातम्या फार ठामपणे येतात. सातबारा पाहणारा माणूस फेरफार पाहिल्याशिवाय व्यवहार करत नाही. दगडाचंही तसंच. थर साचल्यावर त्यावर लाव्हा आला, धग लागली, नंतर लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं. जुना चुना विरघळतो, नवा बसतो आणि नव्याच्या अंगावर नव्या काळाची खूण असते. काळ्या दगडातल्या पोकळ्यांतही नंतर येऊन चुना भरतो. म्हणून बोअरच्या पांढऱ्या भुकटीवर ॲसिड टाकल्यावर फेस आला, एवढ्यावरून मी "आमच्या गल्लीखाली तळं होतं" असं जाहीर करत नाही. त्यासाठी शंख हवा, थराची सलगता हवी, शेजारच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरमध्ये त्याच उंचीला तेच दिसायला हवं. कच्छमधल्या अंजारचं उदाहरण बोलकं आहे. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी इटलीतल्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा दुर्मिळ धातू नेहमीच्या तीसपट दाखवला आणि डायनासोर उल्केने संपले असं मांडलं. मग अंजारच्या आंतरट्रॅपी थरात इरिडियम मिळालं, पण एक नव्हे, तीन थरांत. उल्का एक आणि थर तीन, मग इरिडियम आलं कुठून आणि सरकलं कसं, यावर बराच वाद झाला. असा वाद होऊ शकला कारण थर जागेवर होता, नमुने ठेवलेले होते, कोणालाही पुन्हा तपासता येत होते. नमुनाच नसेल तर वादही होत नाही, नुसता समज राहतो.

"पोटाला भाकर नाही आणि हे साडेसहा कोटी वर्षांचं घेऊन बसले," असं कोणी म्हणेल. मी कास्तकाराच्या घरातली आहे, तो राग मला कळतो. त्याला माझं उत्तर लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराच्या तळाचा गाळ जर्मनीतल्या पोट्सडामच्या संशोधकांनी आणि पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी दहा मीटरपर्यंत नळी घालून काढला. सुमारे अकरा हजार वर्षांचं पाऊसपाणी त्यात उतरलेलं आहे. गाळात काही ठिकाणी गेल्युसाइट नावाचे स्फटिक निघाले, सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे. पाणी फार आटून खारं झाल्याशिवाय ते बनत नाहीत. ते ज्या थरांत होते त्यांचं वय काढलं तर दोन लांब कोरडे काळ समोर आले: आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आपण १९७२ ची आठवण काढून अजून शहारतो. या मातीने शेकडो वर्षं टिकलेली कोरड पाहिली आहे. पावसाची मोजणी आपल्याकडे शे-दीडशे वर्षांची. एवढ्याशा वहीवर धरणं, बागा आणि एमआयडीसीचं पाणी ठरवायचं आणि खालची मोठी वही नालीत टाकायची, हे मला पटत नाही.

आणि बोअर मारणाऱ्याचा आजचा फायदाही यात आहे. लाल मातीचा थर चिकण असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या खालच्या-वरच्या भेगाळ, पोकळ दगडात पाणी साठतं. माझ्या एकवीस पिशव्या पाहून समोरच्या घरच्यांनी त्यांचा बोअर कुठवर न्यायचा याचा अंदाज बांधला. गावात अशा दहा नोंदी असत्या तर कोरड्या भोकांवर गेलेले कितीतरी लाख वाचले असते.

माझं एक दुःख यात मिसळलेलं आहे, ते लपवत नाही. मी जिथे काम केलं त्या एका ठिकाणी जागा बदलताना मातीच्या जुन्या नमुन्यांच्या पेट्या "भंगार" म्हणून लिहिल्या गेल्या. लेबलं लावलेल्या पिशव्या, गावाची नावं, खोली, तारीख. मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा खोली पुसून स्वच्छ होती. कार्यालयाचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. नमुना म्हणजे कचरा नव्हे, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मागणी थेट करते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा. त्यात विहिरींची आणि खोदयंत्रांच्या मालकांची नोंदणी आहे. त्याच नोंदणीत एक अट घाला: दर वीस फुटांची मूठभर भुकटी आणि एका पानाची नोंद. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने पान ठेवावं, पिशव्या जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा भूगोल विभागाने ठेवाव्यात. नागपूर हे दगडांचं शहर आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग इथेच. माणसं आहेत, यंत्रं आहेत, नमुना गावातून त्यांच्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

दुसरं मोठ्या कामांचं. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातल्या शिवमडक्यातून सुरू होतो आणि ७०१ किलोमीटर जातो. वाटेत टेकड्या कापल्या गेल्या. टेकडी ताजी कापली की काही आठवडे सगळे थर उघडे दिसतात, मग त्यांच्यावर पाणी, गवत, कुठे सिमेंट येतं. त्या काही आठवड्यांत एका भूशास्त्रज्ञाला दोन दिवस तिथे उभं राहू द्या, फोटो आणि नमुने घेऊ द्या. निविदेत ही एक ओळ टाकायला रस्त्याचा एक दिवसही उशीर होणार नाही. पुढचे रस्ते, पुढचे मेट्रोचे टप्पे, पुढची एमआयडीसी यायचीच आहे, म्हणून आत्ताच म्हणते.

तिसरी मागणी अवघड आहे. नागपूरच्या भोवती लमेटाचे आणि आंतरट्रॅपी थरांचे जे उघडे तुकडे उरले आहेत, त्यांतले निवडक तरी लेआउटमध्ये जाऊ नयेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. अशा कायद्याची गरज आहे. पण तो करताना शेतकऱ्याची जमीन कागदावर अडकवून त्याला वाऱ्यावर सोडू नका. आमच्या भागाने भूसंपादन पाहिलं आहे. वावरात काही निघालं तर ते बुजवून टाकायचं, कोणाला सांगायचं नाही, अशी बुद्धी भीतीतून येते. रोख मोबदला आणि शेतकऱ्याची संमती, हे दोन्ही मसुद्यात ठळक हवं. नाहीतर कायद्यामुळेच शंख सुरुंगाखाली जातील.

आमची विहीर आता बुजली. तिच्यावर एका गोदामाची भिंत आहे. तो हातभर जाडीचा थर खाली असेलच, पण आता तिथवर कोणी पोचणार नाही. कोनाड्यातला तुकडा माझ्याकडे आहे. मागच्या दिवाळीत नातीने तो हातात घेतला, मी तिला एका कोपऱ्यावर ॲसिडचा थेंब टाकून दाखवला. बारीक बुडबुडे आले. ती म्हणाली, "आजी, हा श्वास घेतो आहे का?" मी तिला सांगितलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी यात अडकलेला वायू आत्ता सुटतो आहे. तिने नाक जवळ नेलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

बोअरच्या पिशव्या मी अजून कोणाकडे दिलेल्या नाहीत. माझ्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आहेत. कोणत्याही महाविद्यालयाने मागितल्या तर हिंगण्याहून स्वतः आणून देईन. तुमच्या घरी, वावरात, शेजारी बोअर लागणार असेल तर गाडी येण्याआधी दहा-पंधरा पिशव्या काढून ठेवा. दर वीस फुटांना एक मूठ घ्या, धुवा, सावलीत वाळवा. पिशवीवर गाव, गट नंबर, फूट आणि तारीख लिहा. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका, बाहेरची शाई दोन पावसाळ्यांत उडते.